सावळ्याचं पंचामृत

या, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकलात तर डुलकी लागेल, आणि ही गोष्ट डुलकीत ऐकायची नाही. पेटी-तबला नसला म्हणून काय झालं, कीर्तनाला बसतो तसे मांडी घालून बसा. आधी गर्दी जमेल, मग चमत्कार होईल, मग एका भल्या माणसाची यथासांग फजिती होईल, आणि सगळ्यात शेवटी एक मासा तुमच्या ओंजळीत देईन. तो तेवढा सांभाळून घरी न्यायचा.

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर नागोरावांचं घर. त्या सकाळी त्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा खच दारातून जिन्यात आणि जिन्यातून खालच्या वळणापर्यंत उतरला होता. आत देवघराशेजारी एका मेजावर माशांची काचेची टाकी, तिच्यावर चारी बाजूंनी काळं कापड, आणि कापडावर हात ठेवून उभे जलगुरू समाधानजी. पोपटी झब्बा, गळ्यात शंखांची माळ, एका कानात मोबाइलचं ते बिनतारी बोंड.

"पाण्याला स्मृती असते, माउली!" समाधानजी म्हणाले. "पाणी ऐकतं, पाणी बघतं, पाणी मनात धरून ठेवतं. घरातलं आजारपण, भांडणं, शेजाऱ्यांची नजर, सगळं आधी पाण्यात उतरतं. आणि मग पाणी हिरवं होतं. हिरवं म्हणजे कोण? बुध! हे मी नाही सांगत, क्वांटम सांगतं."

"क्वांटम कुठल्या पेठेत राहतात?" खालच्या मजल्यावरच्या परचुऱ्यांनी विचारलं. परचुरे बोलावल्याशिवाय कोणाकडे जात नाहीत आणि बोलावल्यावर उपकार म्हणून येतात.

"शंका हेसुद्धा एक प्रकारचं शेवाळच असतं, काका," असं म्हणून समाधानजींनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि कापड खस्सकन ओढलं.

"अगंबाई!"

पाणी नितळ. तळाचे गोटे दिसत होते, गोट्यांवरच्या रेषा दिसत होत्या. आठ सोनेरी मासे आणि एक काळा, असे नऊजण दचकून इकडेतिकडे पळत होते.

"गेल्या आठवड्यात पालकाची पातळ भाजी होती हो इथं! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय," गर्दीतली एक बाई म्हणाली.

"आम्ही नाकानं," परचुरे म्हणाले.

नागोरावांना मात्र ते ऐकू गेलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. तशी त्यांना रडायची सवय होती. कीर्तनात प्रल्हादाला कड्यावरून ढकलायच्या आतच त्यांचा रुमाल ओला व्हायचा. मूळचे वाशीमकडचे, नोकरीसाठी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आले, तिथल्या क्वार्टरमध्ये आयुष्य काढलं, आणि निवृत्त झाल्यावर लोक स्वस्त आणि मोकळ्या जागेत घर बघतात तर यांनी सदाशिव पेठेत जिने चढायचं घर घेतलं. का? तर समोरच्या देवळात रोज संध्याकाळी कीर्तन होतं. पेटीचा सूर लागला की चहा अर्धा टाकून उतरता यावं, एवढाच हिशेब.

गर्दीतून त्यांच्या बायको विमलाबाई पुढे आल्या आणि त्यांनी हात जोडले. "महाराज, मग माझं?"

आता विमलाबाईंचं काय, ते सांगतो. वर्षभरापासून त्यांना जिना चढताना छातीवर पाटा ठेवल्यासारखं होई. परचुऱ्यांच्या मजल्याच्या वळणावर त्या कठडा धरून थांबत आणि एकेका श्वासाला "विठ्ठल… विठ्ठल…" म्हणत. मागून पिशव्या घेऊन येणारे नागोराव मनात म्हणत, काय भक्ती आहे हिची! पायरीपायरीला नाम! शेवटी मुलगा अभिनव बंगळुरूहून आला, आईला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, धावत्या पट्ट्यावर चालवलं आणि म्हणाल्या, अँजिओग्राफी करून घ्या, टाळू नका. तारीखही दिली. ती तारीख पुढच्याच सोमवारी होती, आणि विमलाबाईंची झोप उडाली होती.

समाधानजींनी त्यांच्याकडे बघितलं, मग टाकीकडे बघितलं. "माउली, तुमच्या छातीतला मळ पाण्यात उतरला होता. पाणी स्वच्छ झालं. आता छातीत काय उरलं?"

"काही नाही?"

"काही नाही! आणि उरलंच असेल काही बारीकसारीक, तर तो काळा मासा आहे ना, तो अंगावर घेईल. काळा मासा असतोच त्यासाठी."

विमलाबाईंनी सुटकेचा असा श्वास सोडला की नागोरावांना वाटलं, बघा, श्वासही मोकळा झाला. दुपारी नागोरावांनी स्वतःच्या हातांनी दवाखान्यात फोन लावला आणि सोमवारची तारीख रद्द केली. आपणच घरातलं संकट टाळलं, असं त्यांना वाटत होतं. माणूस इतक्या प्रेमानं इतकी मोठी चूक क्वचितच करतो.

आता थोडं मागं जाऊ. टाकी आली कुठून आणि हिरवी झाली कशी?

टाकी अभिनवची. बंगळुरूला जाताना तो म्हणाला, "बाबा, सोबत होईल तुम्हांला. खाणं चिमूटभर, लाइट दिवसाचे काही तास, दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं. बस्स." नागोरावांनी मान डोलावली आणि कारखान्यातल्या सवयीनं सूचना मनात नीट लावून ठेवल्या. मग एकेक करून सगळ्या सुधारल्या.

पहिली सुधारणा दिव्याची. टाकी देवघराशेजारी. विमलाबाईंना देवापुढे अखंड समई हवी होती, पण तेलाचा दिवा झोपताना लावून ठेवायची भीती वाटे. टाकीवरचा दिवा कसा छान, शीतल, न विझणारा. तोच नंदादीप झाला. तो रात्रंदिवस जळू लागला.

दुसरी सुधारणा पाण्याची. नागोराव रोज देवांना स्नान घालत. साधं पाणी, वर थोडं दूध. एकादशीला, गुरुवारी पंचामृत: दूध, दही, तूप, मध, साखर. हे तीर्थ घरातल्यांनी घ्यायचं आणि उरलेलं तुळशीत घालायचं. पण गॅलरीतली तुळस त्या साखर-दुधानं केव्हाच कुजली होती. मुंग्यांनी कुंडीत वसाहत केली होती. मग तीर्थ टाकायचं कुठं? मोरीत? देवाच्या अंगावरचं पाणी गटारात, लोकांच्या पायदळी? छे! नागोरावांची नजर टाकीकडे गेली. नऊ जीव, निष्पाप. भगवंताचा पहिला अवतार मत्स्यच ना? त्यांनी तांब्या टाकीत रिकामा केला. त्या दिवशी त्यांना इतकं समाधान वाटलं की संध्याकाळच्या कीर्तनात ते जागेवरून उठून नाचले.

मग पाणी हिरवं होऊ लागलं. आधी काचेवर हिरवा थर, मग पाण्यात हिरवं धुकं, मग मासे दिसेनासे. नागोराव जुन्या दातघासणीनं काच घासत. बाजूच्या दुकानातून शेवाळ खाणारा मासा आणला, तो दुसऱ्या दिवशी टाकीबाहेर उडी मारून गेला. "त्यालासुद्धा पोट आहे," परचुरे म्हणाले, "किती खाणार?"

एक गोष्ट नागोरावांच्या ध्यानात आली होती हं, उगीच खोटं का बोला. एकादशी झाली की हिरवा रंग गडद होतो, हे त्यांनीच टिपलं. पण त्यावरून त्यांनी निष्कर्ष काय काढला? एकादशीला ग्रहांचा जोर असतो! मग कीर्तनप्रेमी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर समाधानजींचा व्हिडिओ आला, आणि पुढचं तुम्ही पाहिलंत.

समाधानजींनी काय केलं, तेही ऐका. अर्धं पाणी "दोषजल" म्हणून उपसायला लावलं. नागोरावांनी बादल्या खाली नेऊन पिंपळाला घातल्या. टाकी ताज्या पाण्यानं भरली. मग अभिमंत्रित कृष्णवस्त्र. दिवा बंद. माशांना उपवास. कोणीही कापड उचलायचं नाही, हात आत घालायचा नाही. तीर्थसुद्धा टाकीत नाही. ते मोरीत जायला नको म्हणून त्या दिवसांत नागोराव तांबेच्या तांबे स्वतःच प्यायले, आणि पोट बिघडलं तेव्हा तेही बुधाच्या माथी मारलं.

आणि कापड निघालं तेव्हा पाणी नितळ होतं. आता सांगा, तुम्ही त्यांच्या जागी असता तर?

एकादशी आली. कृतज्ञतेनं भरलेल्या नागोरावांनी त्या दिवशी हात आखडता घेतला नाही. लोटाभर दूध, वाटीभर मध, तूप, साखर, वर केळं कुस्करून. देवांचं असं स्नान त्या घरात कधी झालं नव्हतं. ते सगळं पंचामृत, एक थेंब न सांडता, टाकीत गेलं.

सकाळी नागोराव हरिपाठ म्हणायला बसले, तर काय आश्चर्य! सगळे मासे पाण्याच्या वर तोंडं काढून होते. उघड-मीट, उघड-मीट. तालात.

"विमल! अगं, इकडे ये! नाम घेताहेत गं!"

विमलाबाई आल्या, पदर खोचून हात जोडून उभ्या राहिल्या. दोघं नवरा-बायको हरिपाठ म्हणत होती आणि मासे तोंड उघडत होते. सगळ्यांत पुढे होता काळा. त्याचं नाव नागोरावांनी सावळा ठेवलं होतं. तो बोट काचेला लावलं की बोटामागे येई, बाकीच्यांना आधी खाऊ देई, असं निदान नागोरावांचं म्हणणं होतं. त्याची तोंडाची हालचाल सगळ्यांत मोठी होती. नागोरावांनी मोबाइलवर चित्रण केलं आणि मंडळावर टाकलं. शेकडो जोडलेले हात परत आले.

दुपारी सावळा आडवा तरंगत होता.

नागोरावांनी रडतच समाधानजींना फोन लावला. पलीकडून खणखणीत उत्तर आलं, "अभिनंदन, काका! अहो रडता काय? घ्या पेढे! काळ्यानं संकट अंगावर घेतलं. ताईंचं मरण टळलं!"

विमलाबाईंनी पेढे आणले. प्रत्येक मजल्यावर स्वतः वाटले. वर येताना वळणावर थांबल्या, कठडा धरला. "विठ्ठल… विठ्ठल…"

परचुऱ्यांनी दार उघडून पेढा घेतला. "कशाचे?"

"मासा गेला आमचा."

परचुऱ्यांनी पेढ्याकडे बघितलं, विमलाबाईंच्या घामाकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काही टोमणा सुचला नाही. "वहिनी, बसा जरा," एवढंच म्हणाले.

संकट टळलं म्हणून घरी कीर्तन करायचं ठरलं. प्रमुख पाहुणे समाधानजी. कीर्तनाला राजनंदिनीताई. तरुण बाई, नऊवारी नेसून झांज हातात घेतली की म्हाताऱ्यांनाही मान हलवायला लावणारी. दिवसा एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. नागोराव तिचं एकही कीर्तन चुकवत नसत. कीर्तनाच्या आधीच्या आठवड्यात ती जागा बघायला सकाळीच आली. नागोरावांची पूजा नुकती आटपली होती. तिच्यासमोरच त्यांनी तांब्या उचलला आणि टाकीत ओतला.

"काका! हे काय केलंत?"

"तीर्थ. पायदळी जायला नको ना."

"त्यात काय काय होतं?"

"आज साधंच. दूध आणि साखर. एकादशीला मध, केळंही."

राजनंदिनी टाकीजवळ गेली. पाण्याला पुन्हा हिरवी झाक यायला लागली होती. तिनं काचेवर आतून बोट ओढलं, बोटाला हिरवं लागलं. "आणि हा दिवा बंद कधी करता?"

"नंदादीप बंद करतात का, ताई?"

ती खुर्चीवर बसली. हसू आवरत होती की राग, ते नागोरावांना कळेना. "काका, शेवाळ म्हणजे वनस्पती. अगदी साधी, पण वनस्पतीच. तिला लागतो उजेड आणि लागतं खत. उजेड तुम्ही चोवीस तास दिलात. आणि हे दूध, साखर, केळं, माशांचं न खाल्लेलं अन्न पाण्यात कुजलं की त्याचं खत होतं. तुम्ही मासे नाही पाळलेत, शेवाळाची शेती केलीत. बारमाही बागायत!"

"पण समाधानजींच्या कृष्णवस्त्रानं पाणी—"

"अंधार केला, खाणं थांबवलं, अर्धं पाणी बदललं, तुमचा तांब्या थांबवला. शेवाळ मरणार नाही तर काय करणार? त्या जागी तुमची सतरंजी टाकली असती तरी मेलं असतं."

नागोरावांचं डोकं तापलं. "ताई, आपण कीर्तनकार! गादीवर उभं राहून देवाचं नाव घेता, आणि असं बोलता?"

"त्याच गादीवरून बोलते, काका. देवाला मी माझ्या श्वासात मानते. कापडाच्या दुकानात नाही." मग ती मऊ आवाजात म्हणाली, "तुमचा काळा मासा गेला म्हणे. त्याच्या आधी मासे वर येऊन तोंड उघडत होते?"

"हो! नाम घेत होते. व्हिडिओ आहे माझ्याकडे."

"तुम्ही टाकला तेव्हाच पाहिला होता मी. बोलायला हवं होतं, बोलले नाही. तुमचा आनंद मोडवेना." ती टाकीकडे वळली. "दूध पाण्यात नासतं, काका. नासताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. ते श्वासासाठी वर आले होते. गुदमरत होते."

तेवढ्यात जिन्यातून आवाज आला. विमलाबाई भाजी घेऊन येत होत्या. वळणावर थांबल्या असणार. "विठ्ठल… विठ्ठल…" तोंड उघडं, दोन श्वासांत एकेक नाव.

नागोरावांनी तो आवाज वर्षभर ऐकला होता. त्या सकाळी तो त्यांना पहिल्यांदा ऐकू आला.

तरीही माणूस एवढ्यानं वळत नाही. मुलीच्या वयाच्या बाईपुढे हार मानायची तर आणखीच नाही. "कशावरून?" ते म्हणाले.

"कशावरून? तुम्ही कारखान्यात काय काम करायचात?"

"तपासणी. मालाचा नमुना तपासायचा."

"एकच नमुना?"

नागोरावांची मान आपोआप ताठ झाली. "एक कसा? तसलाच एक हात न लावता बाजूला ठेवायचा. ताडून बघायला. बाजूला नमुना नसेल तर मी शिक्का मारत नसे. साहेब ओरडले तरी नाही."

"मग या टाकीला शिक्का मारलात, तेव्हा बाजूचा नमुना कुठं होता?"

बायको, मुलगा, परचुरे, कोणी काही म्हटलं तरी नागोराव उत्तर देऊ शकत होते. खडकीच्या नागोरावांना सदाशिव पेठेतले नागोराव काय उत्तर देणार? दहादा तपासल्याशिवाय स्फोटकाचं टोपण पास न करणारा माणूस, आणि घरातला जीव त्यानं एका कापडावर पास केला होता.

ती गेल्यावर त्यांनी लोणच्याच्या तीन बरण्या घासून काढल्या. टाकीतलं हिरवं पाणी तिन्हींत सारखं भरलं. तिन्ही गॅलरीत ऊन येतं तिथं ओळीनं. एकीवर समाधानजींचं कृष्णवस्त्र. दुसरीवर स्वतःच्या जुन्या काळ्या छत्रीचं कापड. ती छत्री खडकी बाजारातली, काड्या मोडलेल्या, पण टाकवत नव्हती. दोन्ही कापडं एका मापात कापली. कृष्णवस्त्राला कात्री लावण्याआधी त्यांनी देवाकडे बघून नमस्कार केला, लपवून काय फायदा? तिसरी बरणी उघडी. विमलाबाई दारातून बघत होत्या.

"हे काऊन करता जी?" पुण्यात इतकी वर्षं काढूनही काळजीत त्यांची वऱ्हाडी वर येई.

"नमुना ठेवतो."

"आन् पाणी सारखंच निघालं तर?"

सारखं निघालं तर काय, ते दोघांनाही ठाऊक होतं.

कीर्तनाच्या संध्याकाळी पुन्हा चपलांचा खच पडला. समाधानजी गादीशेजारी खुर्चीवर. राजनंदिनीताईंनी पूर्वरंग रंगवला, लोक डोलले. मध्यंतरात बुक्का लावून झाला आणि त्या म्हणाल्या, "उत्तररंगातलं आख्यान आज मी नाही, नागोराव सांगतील."

नागोराव दोन झाकलेल्या बरण्या घेऊन आले आणि समाधानजींपुढे ठेवल्या. "महाराज, दोन्ही बरण्यांत टाकीचं पाणी आहे. एकीवर आपलं कृष्णवस्त्र आहे. दुसरीवर साधं कापड. आपण ओळखाल का?"

"हा काय पोरखेळ?" समाधानजी हसले. पण समोर अख्खी पेठ बसली होती. त्यांनी डोळे मिटले, पहिल्या बरणीवरून हात फिरवला, मग दुसरीवरून. दुसऱ्या बरणीवर तळहात थबकला, बोटं थरथरली. "अहाहा! केवढी स्पंदनं! क्वांटम नुसतं उसळतंय. हेच माझं वस्त्र!"

नागोरावांनी कापड उचलून उलटं धरलं. कडेला छत्रीच्या काडीनं पडलेलं गंजाचं भोक होतं.

"ही माझी छत्री आहे," नागोराव म्हणाले.

आधी कोणालाच कळलं नाही. मग मागून परचुऱ्यांचा आवाज आला, "स्पंदनं खरी आहेत हो. पावसात त्याच भोकातून यायची." आणि घर हसण्यानं फुटलं.

नागोरावांनी दुसरंही कापड काढलं. दोन्ही बरण्या सारख्याच नितळ, तळाशी मेलेल्या शेवाळाचा साका. मग गॅलरीतून तिसरी, उघडी ठेवलेली बरणी आणली. हिरवीगार. "मंत्र नाही, बुध नाही," ते म्हणाले. "अंधार. आणि शेवाळ पिकवलं कोणी, तर मी. या हातांनी, रोज तांब्यानं."

समाधानजी उठले, माळ सावरली. मग काय वाटलं कोण जाणे, थांबले. "माझं माशांचंच दुकान होतं, काका," ते खालच्या आवाजात म्हणाले. "गिऱ्हाइकांना हेच सांगायचो. दिवा कमी लावा, खाणं कमी टाका, पाणी बदला. एक माणूस ऐकायचा नाही. दुकान बुडालं. तेच कृष्णवस्त्र म्हणून सांगितलं, तर लोक पायावर डोकं ठेवायला लागले. तुम्ही तरी साधं सांगून ऐकलं असतं का?"

अभिनवनं साधंच सांगितलं होतं, ते नागोरावांना आठवलं.

"शेवाळाबद्दल ऐकलं नसतं, मान्य," राजनंदिनी म्हणाली. "पण काकूंच्या आजारात का शिरलात?"

समाधानजींनी माळ झब्ब्याच्या आत सारली. ते चपला शोधायला गेले, आणि त्या ढिगात त्यांना बराच वेळ लागला.

लोक अजून हसत होते. हसत नव्हत्या फक्त विमलाबाई. त्या उघड्या बरणीकडे बघत होत्या.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "माझ्या छातीतलं पाण्यात उतरलंच नव्हतं?"

हसू थांबलं.

"ते इथंच हाय?"

नागोराव विमलाबाईंजवळ जाऊन जमिनीवर बसले. गर्दीसमोर बायकोचा हात धरायची त्यांची पहिलीच वेळ. "हो, विमल. मी तुझा श्वास ऐकला नाही. मला वाटलं, तू नाम घेतेस."

"नामच घेत होते," विमलाबाई म्हणाल्या. "पण भीतीनं घेत होते."

परचुऱ्यांनी जागेवरूनच फोन काढला आणि भाच्याला गाडी घेऊन सकाळी यायला सांगितलं. "अन् वेळेवर ये," ते म्हणाले. "वहिनी बऱ्या झाल्याच्या पेढ्याचा प्रश्न आहे."

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. हृदयाकडे जाणारी एक रक्तवाहिनी जवळजवळ बुजली होती. डॉक्टरांनी त्याच वेळी स्टेंट बसवला. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन नागोरावांना एवढंच म्हणाल्या, "तारीख का रद्द केली होती?" माशाचं कारण सांगायला जीभ उचलेना.

तुम्ही म्हणाल, नागोराव आता देव मानत नाहीत का? अहो, मानतात तर! रोज स्नान घालतात, रोज कीर्तनाला जातात, प्रल्हादासाठी अजून रडतात. फक्त तीर्थ आता पळीभरच करतात आणि घरातलीच पिऊन संपवतात. टाकीचा दिवा संध्याकाळी बंद होतो, देवापुढे जेवणाआधी समई लागते आणि शेजारी कोणीतरी बसून राहतं. दर आठवड्याला थोडं पाणी बदलतात. काचेच्या एका कोपऱ्यात थोडं हिरवं राहतंच, त्याला राहू देतात. सगळं निघालं तर पुन्हा चमत्कार झाला असं वाटायचं, म्हणतात.

आणि काही दिवसांनी विमलाबाई पहिल्यांदा बाजारातून परत आल्या तेव्हा नागोराव पिशव्या घेऊन मागेच होते. वळण आलं. त्या थांबल्या नाहीत. "विठ्ठल" म्हणाल्या नाहीत. परचुऱ्यांच्या दारातल्या वाळक्या कुंडीबद्दल वरच्या मजल्यापर्यंत एकसारख्या बोलत राहिल्या. नागोरावांनी पुष्कळ कीर्तनं ऐकली आहेत, पण इतकं गोड काही ऐकल्याचं त्यांना आठवत नाही.

देवानं डोळे दिलेत, कान दिलेत, आणि दोन बरण्या शेजारी ठेवून बघण्याइतकी बुद्धी दिलीय. ती वापरली तर त्याचा अपमान होत नाही. कोणी म्हणालं, याच्यानं बरं झालं, तर एक बरणी उघडी ठेवून बघा. आणि छातीत दुखलं तर बरणीही नको, सरळ डॉक्टर गाठा.

आता तो मासा. ओंजळ पुढे करा. त्यानं कोणाचं मरण अंगावर घेतलं नाही, त्याला कोणी विचारलंही नाही. तो काचेमागे तोंड उघडून श्वास मागत होता, आणि बाहेर दोन भली माणसं हात जोडून उभी होती. कुणाची तरी भक्ती बघून तुमचे डोळे भरून येतील, तेव्हा आधी क्षणभर थांबून त्याचा श्वास ऐका. आणि त्या क्षणी सावळ्याची आठवण काढा. एवढंच मागणं आहे.